शपथ पुरेशी नाही : व्यसन आणि व्यसनमुक्ती समजून घेताना



"फादर, ह्यांना एकदा आल्तारासमोर शपथ घालाच. तुमचं ऐकतील ते." रविवारची मिस्सा संपली, मंडळी पांगली, की मागे रेंगाळणारी एखादी भगिनी ही विनंती करते. धर्मगुरू म्हणून आम्ही जेथे जेथे सेवा केली तेथे हे वाक्य ऐकले आहे आणि अलोऱ्यातही ऐकले आहे. म्हणून आज या विषयावर जरा सविस्तर लिहीत आहोत. कोणाचेही नाव या लेखात नाही आणि कोणीही हा लेख आपल्या शेजाऱ्यासाठीच लिहिला आहे असे समजू नये.

आमची एक चूक

अलोऱ्याला येण्यापूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तेथे एका भगिनीच्या सांगण्यावरून आम्ही तिच्या पतीला क्रुसावर हात ठेवून शपथ दिली. माणूस कष्टाळू होता, पण वीस वर्षे रोज पिणारा. तो रडला, आम्ही आशीर्वाद दिला आणि मोठे काम झाले अशा समाधानात झोपलो. त्याने खरोखरच त्या दिवसापासून थेंबही घेतला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागले, अंगाला घाम सुटला. तिसऱ्या रात्री भिंतीवर किडे चालताना दिसू लागले, तो नसलेल्या माणसांशी बोलू लागला. घरात कोणी म्हणाले बाधा झाली, कोणी भगताला बोलवा म्हणाले. आम्हांलाही बोलावणे आले. आम्ही पवित्र पाणी घेऊन गेलो आणि प्रार्थना करीत बसलो.

शेजारी एक निवृत्त परिचारिका राहत होत्या. त्या आल्या, त्यांनी त्याची नाडी पाहिली आणि स्पष्ट सांगितले, "फादर, प्रार्थना गाडीत करा. आधी ह्यांना दवाखान्यात न्या." वाटेत त्याला झटका आला. देवाच्या कृपेने तो वाचला. डॉक्टरांनी नंतर सांगितले की आणखी उशीर झाला असता तर वाचला नसता.

शपथ देताना आमचा हेतू चांगला होता. आमचे ज्ञान अपुरे होते. त्या रात्रीपासून आम्ही या विषयाचा अभ्यास करू लागलो. त्यातले जे प्रत्येक घराला माहीत असावे ते पुढे देत आहोत.

व्यसन म्हणजे काय?

दारू, गर्द, गांजा, खोकल्याच्या औषधाचा गैरवापर, पंक्चरचे सोल्युशन हुंगणे या सगळ्यांचा मार्ग शेवटी मेंदूतूनच जातो. भूक लागल्यावर जेवलो, कोणी कौतुक केले, लेकरू हसले, की मेंदूत डोपामाइन नावाचे द्रव्य स्रवते आणि 'हे चांगले आहे, पुन्हा कर' अशी नोंद होते. देवाने ही व्यवस्था आपल्या जगण्यासाठीच ठेवली आहे. नशेचा पदार्थ याच व्यवस्थेत चोरवाटेने शिरतो आणि नेहमीपेक्षा कितीतरी जोराची नोंद करतो. वारंवार असे झाले की मेंदू स्वतःला सावरण्यासाठी त्या पदार्थाला सरावतो. मग पूर्वी जेवढ्याने चढायची तेवढ्याने चढत नाही. एका क्वार्टरच्या दोन होतात. शेवटी मजेसाठी पिणे संपते आणि हात थरथरू नयेत म्हणून पिणे सुरू होते.

त्याच वेळी मेंदूचा विचार करणारा, 'थांब' म्हणणारा भाग दुबळा होत जातो. 'याला बायको-मुलांची काळजीच नाही' असे आपण म्हणतो. काळजी असते, पण ज्या लगामाने ती काळजी कृतीत उतरावी तो लगामच झिजलेला असतो.

सगळेच पिणारे व्यसनी होत नाहीत. व्यसनाच्या धोक्यात साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो असे संशोधक मानतात. उरलेला वाटा परिस्थितीचा, लहान वयात लागलेल्या सवयीचा, मनातल्या दुःखाचा आणि दारू किती सहज मिळते याचा. ज्यांच्या वडिलांना किंवा आजोबांना हा त्रास होता त्यांनी म्हणूनच अधिक सावध राहावे.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 1956 मध्येच मद्यपाश हा आजार असल्याचे मान्य केले. आपल्या देशात केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्स संस्थेकडून एक मोठी पाहणी करून घेतली. 2019 मध्ये तिचा अहवाल आला. त्यानुसार देशात सुमारे 16 कोटी लोक दारू पितात आणि 5 कोटी 70 लाखांहून अधिक लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचे त्यात दिसले. म्हणजे 37 घरे एकटीच झुंजत आहेत.

मग पाप कोठे गेले?

"फादर, आजार म्हटले की त्याला सूटच मिळाली. पितो तो, आणि आम्ही त्याची कीव करायची?" हा प्रश्न रास्त आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक दृष्टान्त आम्ही वाचला होता. हातातून सुटलेला दगड परत आणता येत नाही. पण तो फेकावा की नाही हे आपल्या हाती होते. व्यसनाचे तसेच आहे. पहिले काही पेले माणसाने स्वतः उचललेले असतात. नंतर एक वेळ अशी येते की पेलाच माणसाला उचलतो. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात दोन्ही बाजू आहेत. अतिरेकी मद्यपान आणि अमली पदार्थांचे सेवन गंभीर दोष आहेत असे तो सांगतो (क्रमांक 2290 व 2291). आणि जडलेल्या सवयीमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते हेही तो सांगतो (क्रमांक 1735). कोणाची जबाबदारी नेमकी किती, हे देवाला ठाऊक. आपल्याला न्यायाधीशाची खुर्ची दिलेली नाही.

ॲरिस्टॉटलच्या दृष्टान्तात आम्ही एक भर घालू. दगड परत आणता येत नसला तरी 'मला मदत हवी आहे' हे म्हणण्याइतकी मोकळीक बहुतेक व्यसनी माणसांत कधी ना कधी, एखाद्या सकाळी, शिल्लक असते. आजारी पडल्याचा दोष माणसाला देता येत नाही. पण औषध घेण्याची जबाबदारी त्याचीच राहते. मधुमेह्याला आपण हेच सांगतो.

संत मोनिकाची एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. लहान असताना तिला पिंपातून द्राक्षारस काढून आणायला पाठवीत. ती गंमत म्हणून ओठ ओले करी. रोज थोडे थोडे वाढत ती भरलेले पेले पिऊ लागली. एके दिवशी घरातल्या दासीने भांडणात तिला 'दारुडी' म्हटले आणि ती भानावर आली. तिचा मुलगा संत ऑगस्टीन याने हे आपल्या आत्मकथनात नोंदवले आहे. आईची लाज त्याने लपवली नाही. संतांच्या घरातही हे घडले, तर आपल्या घरात घडले म्हणून तोंड लपवण्याचे कारण नाही. मोनिका लवकर थांबली, पेले अजून तिच्या ताब्यात होते. प्रत्येकाला ती संधी वेळेवर मिळत नाही.

दोन गोष्टी घरी कधीही करू नका

पहिली : बरीच वर्षे रोज पिणाऱ्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय एकदम बंद करू नका. थरथर, घाम, उलटी, झोप उडणे हे काही तासांतच सुरू होते. झटके बहुधा पहिल्या दोन दिवसांत येतात. भास होणे, भ्रमिष्टासारखे बोलणे, ताप हे दोन ते चार दिवसांत दिसते आणि त्यात माणूस दगावू शकतो. ही बाधा नव्हे. डॉक्टर ठरावीक दिवस औषध देऊन ते हळूहळू कमी करतात आणि 'ब 1' जीवनसत्त्व देतात, कारण त्याच्या अभावाने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. असे काही दिसले तर 108 ला फोन करा किंवा कामथ्याच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या. प्रार्थना जरूर करा, पण गाडीत.

दुसरी : जेवणात चोरून पावडर किंवा गोळी मिसळू नका. अनेक भगिनी हे नाइलाजाने करतात, हे आम्हांला माहीत आहे. अशा पावडरींत काय असते ते कित्येकदा सांगताही येत नाही. डायसल्फिरम नावाचे औषध डॉक्टर देतात, पण रुग्णाला सांगून आणि त्याच्या संमतीने. ते पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. मृत्यूही येऊ शकतो. ज्याला माहीतच नाही तो पिणारच. शिवाय ताटातल्या घासावरचा विश्वास एकदा उडाला की घरात काय उरते?

आपल्या महाराष्ट्रातली दोन घरे

1980 च्या दशकात मुंबई-पुण्याच्या तरुणांत गर्द पसरली. लेखक अनिल अवचट यांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता (सुनंदा) अवचट पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. 29 ऑगस्ट 1986 रोजी तेथेच 'मुक्तांगण' सुरू झाले. मारझोड नाही, साखळदंड नाहीत. साधारण पाच आठवडे राहायचे. औषध, व्यायाम, काम, समुपदेशन आणि आपल्यासारख्यांशी मनमोकळे बोलणे. बरे झालेले रुग्णच पुढे तेथे कार्यकर्ते झाले. डॉ. अनिता कर्करोगाशी झुंजत काम करीत राहिल्या आणि 1997 मध्ये गेल्या. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी ते काम पुढे नेले. पत्नींसाठी 'सहचरी' गट आणि व्यसनी स्त्रियांसाठी 'निशिगंध' विभाग तेथे सुरू झाला. स्त्रियांनाही हा आजार होतो, आणि लाजेमुळे त्या उपचारापासून अधिकच दूर राहतात, हे आपण विसरतो.

दुसरे घर आपल्या ख्रिस्तसभेतले. मुंबई धर्मप्रांताचे फादर जो परेरा स्वतः मद्यपाशातून बाहेर आलेले धर्मगुरू. हे त्यांनी कधी लपवले नाही. 1981 साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये त्यांनी 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे ते शिष्य. उपचारात त्यांनी योगासनांना आणि प्राणायामाला जागा दिली. वसईसह देशभर कृपाची केंद्रे निघाली. 2009 मध्ये सरकारने त्यांना पद्मश्री दिली. धर्मगुरूलाही हा आजार होतो आणि धर्मगुरूही त्यातून उठू शकतो, हा त्यांच्या आयुष्याचा धडा आम्ही आमच्यासाठीही घेतो.

एका धर्मगुरूने उचललेला फोन

'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' हे नाव आपण ऐकले असेल. तिचा प्रारंभ असा झाला. मे 1935. अमेरिकेतील ॲक्रन गावी बिल नावाचा एक दलाल धंद्याच्या कामासाठी आला होता. काही महिन्यांपूर्वीच त्याने दारू सोडली होती. काम फसले. हॉटेलच्या दालनात तो एकटा उभा होता. एका बाजूला बारमधला हसण्याचा आवाज, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोललो तरच आज वाचेन, हे त्याला उमगले होते. त्याने फोन फिरवला. एका धर्मगुरूने तो उचलला आणि ओळखीची काही नावे दिली. त्यातून बिलची गाठ डॉ. बॉब या शल्यचिकित्सकाशी पडली. 10 जून 1935 हा डॉ. बॉबचा पिण्याचा शेवटचा दिवस. तोच या संघटनेचा स्थापना दिवस मानतात. भारतात ती 1957 मध्ये आली.

त्या काळी रुग्णालये दारुड्याला खाट देत नसत. ॲक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील धर्मभगिनी सिस्टर इग्नेशिया यांनी ऑगस्ट 1939 मध्ये डॉ. बॉबच्या रुग्णाला 'पोटाचा विकार' अशी नोंद करून दाखल करून घेतले. पुढे घरी जाणाऱ्या प्रत्येकाला त्या पवित्र हृदयाचा बिल्ला देत आणि सांगत, पहिला पेला घेण्याआधी हा बिल्ला मला परत आणून दे.

या संघटनेत फी नाही, आडनाव विचारत नाहीत, धर्माची अट नाही. बारा पायऱ्या आहेत. आपण हतबल झालो आहोत हे मान्य करणे ही पहिली. आपल्या चुका देवाजवळ, स्वतःजवळ आणि एका माणसाजवळ उघड करणे ही पाचवी. ज्यांना दुखावले त्यांची शक्य तेथे भरपाई करणे ही नववी. पापनिवेदन संस्कार जाणणाऱ्या कॅथोलिक माणसाला ही वाट अनोळखी वाटू नये. तेथे 'आयुष्यभर पिणार नाही' अशी शपथ घालत नाहीत. फक्त आजचा दिवस. उद्याचे उद्या.

डब्लिनच्या मॅट टॅलबट या मजुराचेही असेच. बाराव्या वर्षी प्यायला लागला. 1884 मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने व्रत घेतले, तेही फक्त तीन महिन्यांचे. मग सहा महिन्यांचे. मग आयुष्यभराचे. रोज पहाटे मिस्सा आणि दिवसभर काम. 1925 साली मिस्सेला जातानाच रस्त्यात त्याला मरण आले. 1975 मध्ये पोप पॉल सहावे यांनी त्याला 'आदरणीय' घोषित केले. शपथ निरुपयोगी नाही. पण ती पेलवेल एवढी असावी आणि तिच्यामागे डॉक्टर, सोबती आणि दिनक्रम असावा.

घरच्यांनी काय करावे?

उधळ्या पुत्राचा दाखला आपण अनेकदा ऐकला आहे. त्यातली एक गोष्ट आमच्या उशिरा लक्षात आली. मुलगा दूर देशी होता, डुकरे चारीत होता, उपाशी होता. बापाने तिकडे पैसे पाठवले नाहीत. त्याची उधारी फेडली नाही. दारही लावले नाही. तो वाट पाहत राहिला आणि मुलगा वळताच धावत गेला.

पतीच्या गैरहजेरीसाठी साहेबांना खोटे कारण सांगणे, गुत्त्याची उधारी भागवणे, हे आपण मायेपोटी करतो. पण त्याने दूर देशातला मुक्काम लांबतो. नशेत असताना वाद घालू नका. सकाळी, शुद्धीवर असताना, शांतपणे बोला. "उपचाराला चला, मी सोबत येते," एवढे स्पष्ट सांगा. मारहाण होत असेल तर स्वतःला आणि मुलांना सुरक्षित ठिकाणी न्या. मार खात राहणे म्हणजे क्रूस वाहणे नव्हे. आणि तो पितो हा तुमचा दोष नाही. घरच्यांसाठी 1951 पासून 'अल-अनॉन' हे वेगळे गट आहेत, कारण आजारी एक असला तरी झोप सगळ्या घराची उडते.

पुन्हा घसरण झाली तर? रक्तदाब पुन्हा वाढला म्हणून आपण रुग्णाला घराबाहेर काढत नाही, डॉक्टरांकडे नेतो. सुरुवातीला सांगितलेला आमचा माणूस उपचारानंतर दोनदा घसरला. दुसऱ्या वेळी आम्ही रागाने त्याच्या घरी जाणेच बंद केले. त्याला उठवले ते दुसऱ्या एका बऱ्या झालेल्या माणसाने, जो दर आठवड्याला त्याला सभेला घेऊन जाई. आम्ही थोरला भाऊ झालो होतो, अंगणात रुसून बसलेला. आज त्याला अनेक वर्षे झाली. दर नाताळला त्याचा फोन येतो. तो म्हणतो, "फादर, आजही नाही घेतली." 'सोडली' असे तो कधीच म्हणत नाही.

आपल्या धर्मग्रामात

अलोऱ्यात माणसे कोयना प्रकल्पाच्या कामासाठी गावोगावहून आली. आज आपली मुले कामाला खेर्डी-लोट्याला, मुंबईला जातात. मूळ गावातला चुलता, मामा, आजोबा जवळ नसले की माणसाला हटकणारे कोणी राहत नाही. ती जागा धर्मग्रामाने घ्यायला हवी. आम्ही चार गोष्टी सुचवतो :

1. बारसे, लग्न, वाढदिवस यांत दारू नसली तर पाहुणचार उणा पडतो, ही समजूत सोडूया. निदान नको म्हणणाऱ्याला आग्रह करू नये. आपल्या एका आग्रहाने कोणाची तरी वर्षांची कमाई बुडते.

2. व्यसनातून सावरणाऱ्याने प्रभुभोजनात केवळ भाकरीच्या रूपात ख्रिस्तशरीर स्वीकारावे. त्यात संपूर्ण ख्रिस्त आहे, काहीही कमी पडत नाही. पवित्र ख्रिस्तसभेने 24 जुलै 2003 च्या पत्राने, ज्यांना मद्य वर्ज्य आहे अशा धर्मगुरूंना बिशपांच्या परवानगीने जेमतेम आंबलेला द्राक्षरस वापरण्याची मुभा स्पष्ट केली आहे. आल्तारापाशी एवढी काळजी घेतली जाते, तर आपल्या मांडवात का नको?

3. कोणी आपल्या त्रासाबद्दल बोलले तर ती गोष्ट आपल्यापाशीच राहो. व्यसनी माणूस उपचाराला उशिरा जातो तो बहुधा लोकांच्या तोंडाला भिऊन.

4. चार-पाच जण तयार झाले तर चर्चची खोली आठवड्यातून एक संध्याकाळ आम्ही मोकळी ठेवू. तेथे आम्ही बसणार नाही, हजेरी घेतली जाणार नाही. कोणत्याही धर्माच्या शेजाऱ्याला यावेसे वाटले तर तोही येवो.

मदतीसाठी सरकारची व्यसनमुक्ती मदतवाणी 14446 आणि मनाच्या आजारांसाठी टेली-मानस 14416 हे क्रमांक आहेत. जिल्ह्यात रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. एकट्याने जाण्याचा संकोच वाटत असेल तर आम्ही सोबत येऊ. रात्री-अपरात्रीही बंगल्याचे दार वाजवा. ॲक्रनच्या त्या धर्मगुरूने फोन उचलला, आम्हीही उचलू.

घरी बसून विचार करण्यासाठी

- आपल्या घरात कोणाचे पिणे लपवण्यासाठी आपण काही खोटे बोलतो का?
- गेल्या वर्षभरात आपण कोणाला आग्रह करून पाजले का?
- व्यसनातून उठलेल्या माणसाला आपण पूर्वीच्या नावाने अजून हाक मारतो का?

आणि ती भगिनी, जी पुढच्या रविवारी मागे थांबणार आहे, तिला आमचे सांगणे : ताई, जरूर थांबा. शपथेचे पाहू नंतर. आधी तुमच्या पतीला घेऊन डॉक्टरांकडे जाऊ, आणि गाडीत आपण सगळे मिळून जपमाळ म्हणू.

प्रभू येशू आपल्या सर्व कुटुंबांना सामर्थ्य व शांती देवो.

आपले धर्मगुरू